बॉम्ब टाकून बॉम्ब थांबतो का?

२०२५च्या जूनमध्ये आधी इस्रायलने आणि मग अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले. फोर्डोचं केंद्र डोंगराच्या पोटात आहे, म्हणून तिथे जमिनीत खोल घुसून मग फुटणारे, प्रत्येकी साडेतेरा टनांच्या आसपास वजनाचे बॉम्ब टाकले गेले. पुढचे कित्येक दिवस वाहिन्यांवर एकच काथ्याकूट चालला होता. इराणचा कार्यक्रम किती मागे गेला? काही महिने, की काही वर्षं?

मला दुसराच प्रश्न सतावत होता. हल्ल्याच्या आधी इराणकडे ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेलं सुमारे ४४० किलो युरेनियम आहे, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला, म्हणजे आयएईएला माहीत होतं. माहीत होतं, कारण तिचे निरीक्षक तिथे जाऊन मोजमाप करून येत होते. हल्ल्यांनंतर इराणने त्या संस्थेशी सहकार्य थांबवलं, निरीक्षक देश सोडून गेले, आणि तो साठा नेमका कुठे आहे हे कोणालाच तपासून सांगता येईना. ढिगाऱ्याखाली गाडला गेला असेल, आधीच हलवला असेल. एवढा माल दोन-चार वाहनांत सहज मावतो.

अण्वस्त्रांचा प्रसार रोखायला वाटाघाटी बऱ्या की बळ, हा वाद जुना आहे. त्यात बाजू घेण्याआधी मी प्रत्येक प्रसंगाला दोन प्रश्न विचारतो. जे केलं त्यानंतर आपल्याला आतलं जास्त दिसू लागलं की कमी? आणि समोरच्या देशाला बॉम्बची गरज जास्त वाटू लागली की कमी? पण या प्रश्नांना हात घालायचा तर आधी थोडं विज्ञान समजून घ्यावं लागेल. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीपलीकडे काही नाही.

हजार दाण्यांचा हिशोब

खाणीतून निघणारं युरेनियम दोन प्रकारच्या अणूंचं मिश्रण असतं. असं समजा की आपल्यापुढे हजार दाणे आहेत. त्यातले फक्त ७ कामाचे, हे युरेनियम-२३५. उरलेले ९९३ युरेनियम-२३८, जे बॉम्बच्या दृष्टीने कोंडा. दिसायला, रसायनशास्त्राला दोन्ही सारखेच. फरक आहे तो वजनात, आणि तोही अगदी किंचित. म्हणून ते चाळणीने वेगळे होत नाहीत. वायू करून, प्रचंड वेगाने फिरणाऱ्या उभ्या नळकांड्यांमधून पुन्हा पुन्हा काढावे लागतात. या नळकांड्या म्हणजे सेंट्रिफ्यूज.

आता कोंडा काढायला, म्हणजेच युरेनियम समृद्ध करायला सुरुवात करू. ८०० दाणे काढले की २०० उरतात, त्यात ७ कामाचे. हे झालं साडेतीन टक्के, वीज बनवणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांचं इंधन. आणखी १६५ काढले की ३५ उरले, म्हणजे २० टक्के. आणखी २७ काढले की ८ उरले आणि त्यातले ७ कामाचे. हे जवळपास ९० टक्के, बॉम्बचा माल.

पुन्हा एकदा आकडे बघा. एकूण ९९२ दाणे काढायचे होते, त्यातले ८०० तर साध्या वीजभट्टीच्या इंधनापर्यंत पोचतानाच निघाले. २० टक्क्यांवर ९६५ निघालेले असतात. ६० टक्क्यांवर जेमतेम १२ दाणे उरतात आणि त्यातले चारच काढायचे राहतात. हिशोब ढोबळ आहे, पण चित्र खरं आहे. ‘अजून ६० टक्केच झालंय, ९० कुठे!’ असं कोणी म्हणालं तर त्याला हे दाणे दाखवा.

सगळ्या भांडणाचं मूळ इथेच आहे. विजेचा रस्ता आणि बॉम्बचा रस्ता बऱ्याच अंतरापर्यंत एकच असतो. त्यावरून चालणाऱ्याच्या मनात काय आहे ते यंत्राकडे बघून कळत नाही.

दुसरी वाट प्लुटोनियमची. अणुभट्टीत युरेनियम ‘जळताना’ प्लुटोनियम तयार होतं आणि वापरलेल्या इंधनकांड्यांमधून ते रासायनिक प्रक्रियेने वेगळं काढता येतं. ८ किलो प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियमातलं २५ किलो युरेनियम-२३५ इकडेतिकडे झालं तर एका बॉम्बची शक्यता नाकारता येत नाही, असं आयएईए धरते.

या दोन वाटांमधला एक फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अणुभट्टी लपत नाही. ती मोठी असते, तापते, तिला थंड करायला भरपूर पाणी लागतं, वर बसलेल्या उपग्रहाला ती दिसते. सेंट्रिफ्यूजचा कारखाना मात्र एखाद्या गोदामासारखा. धूर नाही, वाफ नाही, विजेची भूकही बेताची. डोंगर पोखरून आत बसवला तर बसतो.

तीच गोष्ट, दोन निकाल

७ जून १९८१ रोजी इस्रायलच्या विमानांनी बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी पाडली. भट्टी फ्रान्सने बांधलेली, अजून सुरूही झालेली नव्हती. हल्ला काही मिनिटांत आटोपला. सुरक्षा परिषदेने एकमताने निषेध केला, अमेरिकेनेही त्यात मत दिलं. पुढे मात्र ‘बळाने प्रश्न सुटतो’ याचं ठेवणीतलं उदाहरण म्हणून हीच कारवाई सांगितली जाऊ लागली.

त्यानंतर इराकमध्ये काय घडलं ते सहसा सांगितलं जात नाही. सद्दाम हुसेन यांनी उघड्यावरच्या भट्टीचा नाद सोडला आणि गुपचूप युरेनियम समृद्ध करण्याची वाट धरली. हजारो माणसं कामाला लागली. त्यासाठी त्यांनी निवडलेलं एक तंत्र होतं मोठ्या विद्युतचुंबकांनी अणू वेगळे करण्याचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ते वापरलं होतं आणि नंतर खर्चिक म्हणून सोडून दिलं होतं. इतकं जुनाट काही कोणी वापरेल अशी शंकाच कोणाला आली नाही. ओसिराकमध्ये फ्रेंच तंत्रज्ञ होते, आयएईएची देखरेख होती. नव्या कामावर कोणाचीच नजर नव्हती. म्हणजे भट्टी गेली, आणि तिच्यासोबत खिडकीही गेली.

तो कार्यक्रम उघडकीला आला १९९१च्या आखाती युद्धानंतर. त्या वर्षीच्या जूनमध्ये फालुजाजवळ निरीक्षक इराकी ट्रकांचा पाठलाग करत होते, ट्रकांवर ती अवजड यंत्रं होती, आणि सैनिकांनी हवेत गोळ्या झाडून त्यांना अडवलं. सप्टेंबरात बगदादमध्ये निरीक्षकांच्या हाती कागदपत्रांचे गठ्ठे लागले. ते परत करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना चार दिवस वाहनतळावर अडकवून ठेवलं. बॉम्बच्या आराखड्यावर जिथे काम चालत होतं ते अल-अथीरचं संकुल युद्धातल्या बॉम्बवर्षावातून बव्हंशी सुटलं होतं. १९९२मध्ये ते आयएईएच्या देखरेखीखाली सुरुंग लावून पाडलं गेलं. इराकचा अणुकार्यक्रम खऱ्या अर्थाने मोडला तो वह्या घेऊन फिरणाऱ्या या माणसांनी.

आता कोणी म्हणेल, पण निरीक्षक आत शिरू शकले ते इराक युद्ध हरला म्हणूनच ना? बरोबर आहे, आणि हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. त्यांच्यामागे सुरक्षा परिषदेचा ठराव होता आणि ठरावामागे नुकतंच जिंकलेलं सैन्य. बळाने दार उघडलं. पण आत जाऊन काय शोधायचं, कुठे शोधायचं आणि काय मोडायचं, हे काम विमानांचं नव्हतं.

२००३ साली याच्या उलट घडलं. ७ मार्चला आयएईएचे प्रमुख मोहम्मद अल-बरादेई यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं की इराकने अणुकार्यक्रम पुन्हा सुरू केल्याचा पुरावा आढळत नाही, आणि नायजरमधून युरेनियम आणल्याचे म्हणून दाखवलेले कागद अस्सल नाहीत. दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झालं. नंतर देशभर शोध घेतला, सापडलं काहीच नाही. बघणारी माणसं आत होती, बरोबर सांगत होती, आणि त्यांचं ऐकलं गेलं नाही. या युद्धाने काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अण्वस्त्रप्रसार मात्र त्याने थांबला नाही, कारण थांबवायला तिथे काही नव्हतंच.

बळाच्या बाजूचं सर्वांत भक्कम उदाहरण मला ओसिराकपेक्षा सीरियाचं वाटतं. ६ सप्टेंबर २००७ रोजी इस्रायलने देर-अझ-झोर भागातली एक इमारत उडवली. ती उत्तर कोरियाच्या मदतीने बांधली जाणारी अणुभट्टी होती, असं अमेरिकेने पुढच्या वर्षी सांगितलं. आयएईएही २०११मध्ये याच निष्कर्षाला आली की ती बहुधा अणुभट्टीच होती. इस्रायलने जबाबदारी उघडपणे कबूल केली ती थेट २०१८ला. सीरियाने बदला घेतला नाही, उलट जागा घाईघाईने सपाट करून टाकली. भट्टी पुन्हा उभी राहिली नाही. पुढे त्याच भागात इस्लामिक स्टेटने मुलूख काबीज केला, हे आठवलं की ती भट्टी नव्हती हे बरंच झालं असं म्हणावं लागतं.

मग सीरियात जमलं ते इराकमध्ये का नाही? सीरियाकडे एकच भट्टी होती, उघड्यावर, तीही बाहेरून आणलेली. घरचे तंत्रज्ञ नाहीत, पर्यायी वाट नाही. ती पाडली की हातात काही उरतच नव्हतं. इराककडे शिकलेली माणसं होती, पैसा होता आणि जिद्द होती. बळ चालतं ते अशा ठिकाणी जिथे कार्यक्रम म्हणजे एक इमारत असते. माणसांच्या डोक्यात उतरलेला कार्यक्रम वरून बॉम्ब टाकून निघत नाही. आणि अणुभट्टीकडून सेंट्रिफ्यूजकडे, उघड्यावरून डोंगराच्या पोटात असा प्रवास झाल्यापासून सीरियासारखी सोपी लक्ष्यं मिळणं अवघड झालं आहे.

कराराचा सौदा

१९६३च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी भीती व्यक्त केली होती की १९७०च्या दशकात १५, २० किंवा २५ देशांकडे अण्वस्त्रं असू शकतील. तेव्हा ती चौघांकडे होती. आज ती नऊ देशांकडे आहेत: अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चीन, भारत, पाकिस्तान, इस्रायल आणि उत्तर कोरिया. केनेडींना साठ वर्षं उलटून गेली तरी आकडा दोन अंकी झालेला नाही. हे बॉम्ब टाकून झालेलं नाही.

याचं बरंच श्रेय १९७० साली अमलात आलेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराला जातं. करार म्हणजे सरळ सौदा आहे. ज्यांनी १ जानेवारी १९६७च्या आधी अणुस्फोट केला ते पाच देश अण्वस्त्रधारी. बाकीच्यांनी बॉम्ब बनवायचा नाही आणि निरीक्षकांना आत येऊ द्यायचं. बदल्यात त्यांना शांततेच्या कामासाठी अणुतंत्रज्ञानाचा हक्क, आणि पाच बड्यांनी हळूहळू स्वतःची शस्त्रं कमी करत न्यायची. यातला शेवटचा हप्ता बड्यांनी प्रामाणिकपणे भरलेला नाही. शीतयुद्धानंतर साठे बरेच घटले हे खरं, पण ‘आम्हाला बॉम्बशिवाय चालत नाही, तुम्हाला मात्र चाललं पाहिजे’ ही भूमिका तशीच राहिली. भारताने हा करार पक्षपाती म्हणून नाकारला तो याच मुद्द्यावर, आणि मुद्दा चुकीचा नव्हता. पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७४च्या पोखरण चाचणीतलं प्लुटोनियम आलं होतं सायरस अणुभट्टीतून. ती भट्टी कॅनडाने आणि तिच्यासाठीचं जड पाणी अमेरिकेने शांततेच्या वापरासाठी दिलं होतं. त्या धक्क्यातूनच अणुसाहित्य कोणाला विकायचं याचे नियम करणारा पुरवठादार देशांचा गट जन्माला आला.

वाटाघाटींचं यश दिसत नाही, ही त्यांची मोठी अडचण. न झालेल्या स्फोटाचं छायाचित्र निघत नाही. स्वीडनने १९६०च्या दशकात बॉम्बचा गंभीर विचार केला आणि सोडून दिला. दक्षिण कोरिया आणि तैवान यांनी गुप्तपणे हालचाली केल्या आणि अमेरिकेने त्यांना आवरलं. ब्राझील आणि अर्जेंटिना एकमेकांकडे संशयाने बघत दोघेही त्या वाटेवर होते. १९९१मध्ये त्यांनी एकमेकांची अणुकेंद्रं तपासणारी संयुक्त संस्थाच काढली. शेजारी तुझ्या घरात डोकावणार आणि तू त्याच्या, असा साधा व्यवहार.

इथे एक पाचर मारून ठेवतो. दक्षिण कोरिया, जपान, जर्मनी हे देश बॉम्बविना राहिले याचं मोठं कारण म्हणजे ‘तुमच्यावर हल्ला झाला तर आमची शस्त्रं आहेत’ हे अमेरिकेचं आश्वासन. म्हणजे ज्याला आपण मुत्सद्देगिरी म्हणतो तिच्या पोटातही दुसऱ्याचा बॉम्ब बसलेला आहे. ती छत्री फाटल्याची शंका आली की या देशांत आपलाच बॉम्ब बनवण्याची चर्चा पुन्हा डोकं वर काढते.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट तर याहून वेगळी. त्या देशाने सहा बॉम्ब बनवले होते आणि स्वतःहून मोडून टाकले. १९९१मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली आणि १९९३च्या मार्चमध्ये अध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत ते जाहीर केलं. कोणी हल्ला केला नव्हता. अंगोलातून क्यूबाचं सैन्य निघालं, शीतयुद्ध संपलं, वर्णद्वेषी राजवट संपण्याच्या वाटेवर होती. गोऱ्या राज्यकर्त्यांना सत्ता सोडताना बॉम्ब मागे ठेवायचा नव्हता, हेही कारण असावं असं अनेक अभ्यासक मानतात. काहीही असो, गरज संपली आणि बॉम्ब गेला.

जिथे करार मोडले

आता वाटाघाटींचं अपयश. उत्तर कोरिया.

१९९२मध्ये निरीक्षकांना तिथल्या नमुन्यांत विसंगती सापडली. जाहीर केलं होतं त्याहून जास्त प्लुटोनियम काढलं गेल्याच्या खुणा होत्या. १९९४च्या वसंतात प्रकरण इतकं तापलं की योंगब्योनच्या भट्टीवर हल्ल्याचा विचार अमेरिकेत गंभीरपणे झाला. हात आखडला तो एका भूगोलामुळे. सोल शहर सीमेपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर, उत्तर कोरियाच्या तोफांच्या माऱ्यात. अणुबॉम्ब नसतानाही त्या देशाकडे ओलीस होता. जूनमध्ये माजी अध्यक्ष जिमी कार्टर प्योंगयांगला गेले आणि ऑक्टोबरात करार झाला. भट्टी बंद, निरीक्षक आत, बदल्यात दरवर्षी पाच लाख टन इंधन तेल आणि दोन नव्या, बॉम्बसाठी कमी सोयीच्या अणुभट्ट्या.

हा करार फसला असं सरसकट म्हटलं जातं. पण आठ वर्षं योंगब्योनमध्ये नवं प्लुटोनियम तयार झालं नाही, आणि सुमारे ८,००० वापरलेल्या इंधनकांड्या निरीक्षकांच्या डोळ्यांसमोर बंद राहिल्या. त्याच वेळी दोन्ही बाजू वचनात खोट्या ठरत होत्या. तेलाची जहाजं उशिरा यायची, नव्या भट्टीचं पहिलं काँक्रीट पडायला २००२चा ऑगस्ट उजाडला. आणि उत्तर कोरिया पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांच्या चोरट्या अणुव्यापाराच्या जाळ्यातून सेंट्रिफ्यूजचं तंत्र मिळवत होता. २००२च्या अखेरीस अमेरिकेने हा आरोप पुढे केला, तेल थांबवलं, उत्तर कोरियाने निरीक्षकांना हाकललं, जानेवारी २००३मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडला. मग कांड्या उघडल्या गेल्या. ९ ऑक्टोबर २००६ला पहिली चाचणी झाली. फसवणूक पकडली हे योग्यच होतं. पण सेंट्रिफ्यूजच्या संशयापायी प्लुटोनियमवरचं कुलूपही काढून टाकणं, हा व्यवहार मला आजही कळलेला नाही.

२०१५चा इराण करार त्या मानाने बराच घट्ट विणलेला होता. समृद्धीकरणाला ३.६७ टक्क्यांची मर्यादा, साठ्याला ३०० किलोंची. सुमारे १९,००० सेंट्रिफ्यूज होते, ते सहा हजारांच्या आसपास आणले. अराकच्या अणुभट्टीचा गाभा काढून त्यात काँक्रीट ओतलं. डिसेंबर २०१५मध्ये ११ टनांहून जास्त समृद्ध युरेनियम जहाजाने रशियाला रवाना झालं. सगळं मोजून, नोंद करून, एकही माणूस न मरता. टीकाकारांचे मुद्दे पोकळ नव्हते. अनेक अटी दहा-पंधरा वर्षांनी संपणार होत्या, क्षेपणास्त्रं करारात नव्हती, आणि निर्बंध उठल्याने मिळणारा पैसा कुठे जाईल याची हमी नव्हती. तरी आयएईए एकामागून एक अहवालात इराण अटी पाळतोय असंच सांगत होती. ८ मे २०१८ रोजी अमेरिका त्यातून बाहेर पडली.

त्यानंतरचा क्रम बघण्यासारखा आहे. २०१९पासून इराणने एकेक मर्यादा ओलांडायला सुरुवात केली. २०२०च्या नोव्हेंबरात अणुशास्त्रज्ञ मोहसेन फखरीझादे यांची हत्या झाली, आणि डिसेंबरात इराणच्या संसदेने २० टक्के समृद्धीकरणाचा आणि निरीक्षकांचे अधिकार कमी करण्याचा कायदा केला. २०२१च्या एप्रिलमध्ये नतांझच्या समृद्धीकरण केंद्रात घातपात झाला आणि काही दिवसांतच इराणने ६० टक्क्यांचं काम सुरू केलं. दर फटक्यानंतर टक्केवारी वर आणि खिडकी आणखी अरुंद. फटके मारणाऱ्यांचं म्हणणं असतं की आम्ही वेळ विकत घेतोय. मान्य. पण विकत घेतलेल्या त्या वेळात कोणी बोलणी केलीच नाहीत, तर पुढचा फटका आणखी खोल मारावा लागतो. २०१०मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या संगणक-विषाणूने नतांझमधले हजारेक सेंट्रिफ्यूज बिघडवले असं मानलं जातं. पाच वर्षांनी करार झाला, म्हणून तो वेळ सत्कारणी लागला असं तरी म्हणता येतं. २०१८नंतरच्या वेळाचं तसं झालं नाही.

शब्दाची किंमत

वाटाघाटी करणाऱ्याकडे देण्यासारखं शेवटी एकच असतं, शब्द. तो बुडाला की पुढच्याशी बोलायला तोंड राहत नाही.

लीबियाच्या गद्दाफींनी १९ डिसेंबर २००३ला अणुकार्यक्रम सोडत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी दोन महिने सेंट्रिफ्यूजचे भाग घेऊन जाणारं जहाज पकडलं गेलं होतं, तिकडे इराकमध्ये युद्ध पेटलेलं होतं, आणि पडद्याआड बोलणीही चालू होती. धाक आणि आमिष दोन्ही जुळून आले. यंत्रं खोक्यांत भरून विमानाने अमेरिकेला गेली. मग २०११मध्ये बंड झालं, नाटोची विमानं गद्दाफींविरुद्ध उतरली, आणि ऑक्टोबरात ते मारले गेले. त्यांच्याबद्दल कोणाला प्रेम वाटायचं कारण नाही. पण त्याच वर्षी मार्चमध्ये, हल्ले सुरू होताच, उत्तर कोरियाने जाहीरपणे म्हटलं की लीबियाला आधी निःशस्त्र केलं गेलं आणि मग गाठलं गेलं.

युक्रेनचंही तसंच. सोव्हिएत संघ फुटल्यावर त्याच्या भूमीवर सुमारे १,९०० सामरिक अण्वस्त्रं उरली होती. त्यांचं नियंत्रण मॉस्कोकडेच होतं, म्हणजे ‘युक्रेनने आपले बॉम्ब देऊन टाकले’ हे वाक्य तितकंसं खरं नाही. पण ५ डिसेंबर १९९४च्या बुडापेस्ट निवेदनात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा मान राखू असं लिहून दिलं होतं, आणि १९९६पर्यंत सगळी अस्त्रं रशियाला गेली. त्याच रशियाने २०१४मध्ये क्रिमिया घेतला आणि २०२२मध्ये पूर्ण हल्ला केला. आता कोणत्या तोंडाने एखाद्या लहान देशाला सांगायचं की शस्त्र ठेव खाली, आम्ही आहोत?

म्हणून ‘वाटाघाटी की बळ’ या प्रश्नावर माझं मत विचाराल तर ते वाटाघाटींच्या बाजूने आहे, पण त्या भोळेपणाच्या नकोत. निरीक्षक आत असलेला अर्धवट करारही बाहेर बसून केलेल्या अचूक बॉम्बफेकीपेक्षा मला बरा वाटतो. बळाचा धाक लागतो, कधीकधी सीरियासारखं ते वापरूनही भागतं, पण वापरल्याबरोबर ते दोन्ही गोष्टी बिघडवतं. आतलं दिसेनासं होतं, आणि समोरच्याला बॉम्ब हवाच अशी खात्री पटते.

एक प्रश्न मात्र दोन्ही बाजू टाळतात. समजा, नाहीच थांबवता आलं, तर? १९६३-६४मध्ये अमेरिकेत नेमकी हीच घालमेल चालली होती. माओंच्या चीनच्या हाती बॉम्ब पडला तर जगाचं काय होईल, या धास्तीने केनेडी आणि मग जॉन्सन यांच्या सरकारांत चिनी केंद्रांवर हल्ल्याचा विचार झाला. सोव्हिएत संघाची साथ मिळते का याची चाचपणीही झाली. साथ मिळाली नाही, हल्ला झाला नाही, आणि १६ ऑक्टोबर १९६४ रोजी लोप नूरच्या वाळवंटात चीनचा पहिला स्फोट झाला. सव्वासात वर्षांनंतर, फेब्रुवारी १९७२मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगमध्ये माओंशी हस्तांदोलन करत होते.